टाकीत माणूस उतरवायचा असेल तर: तयारी, क्रम आणि दर शटडाऊनला होणाऱ्या चुका

मे महिना आला की लोटे, महाड, रोहा-धाटाव, तळोजा, कोकणातल्या सगळ्या रासायनिक वसाहतींत एकच घाई असते. पाऊस लागायच्या आत शटडाऊन उरकायचा, रिॲक्टर उघडायचे, साठवण टाक्यांतला गाळ काढायचा, ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचे, हौद साफ करायचे. कन्फाइन्ड स्पेसच्या, म्हणजे बंदिस्त जागेत उतरायच्या, परमिटांची चळत लागते आणि सही करणारा माणूस एकच असतो.

मी या पट्ट्यात बरीच वर्षं सेफ्टीचं काम करतोय. माझा अनुभव असा की बहुतेक ठिकाणी वायू मोजायचा मीटर असतो, आत हवा ढकलणारा ब्लोअर असतो, दोरही असतो. फक्त सगळं उलट्या क्रमाने होतं. आधी माणूस आत जातो, मग मीटरची शोधाशोध होते, आणि माणूस वर ओढायचा तीन पायांचा ट्रायपॉड स्टोअरमधून निघतो तो कुणी कोसळल्यावर. म्हणून खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. आधीची पायरी पुरी झाल्याशिवाय पुढची धरू नका.

कोणती जागा यात मोडते? ज्यात माणूस मावतो पण सहज चालत बाहेर येऊ शकत नाही, आणि जिथली हवा आपोआप बदलत नाही अशी कुठलीही. रिॲक्टर, टँकर, वायू धुणारा स्क्रबर, गटाराचं चेंबर ही नावं सगळे घेतात. वरून उघडा असलेला खोल हौद मात्र लोक विसरतात. मासेमारी बोटीचा मासळी ठेवायचा कप्पाही यातच येतो. जून-जुलैच्या बंदीत बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते, कप्प्यात सडकं पाणी राहिलेलं असतं, आणि एखादा खलाशी फळी काढून सरळ खाली उडी मारतो. हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूला कारखाना लागत नाही.

## पायरी १: उतरायलाच हवं का?

हा प्रश्न परमिट भरण्याच्या आदल्या आठवड्यात विचारायचा. मॅनहोलवरून हाय-प्रेशर जेटने धुऊन गाळ व्हॅक्यूम टँकरने ओढता येतो का? आतलं वेल्डिंग तपासायला काठीवर कॅमेरा पुरेल का? आयसीआय कंपनीत सुरक्षेचं काम पाहिलेले ट्रेव्हर क्लेट्झ आयुष्यभर हेच सांगत आले की धोका सांभाळत बसण्याआधी तो मुळातच काढून टाकता येतो का ते पाहा. ठेकेदाराला जेटचं भाडं महाग वाटतं. चार हेल्परांची रोजी त्याला स्वस्त पडते. हा हिशेब त्याच्यावर सोडू नका.

## पायरी २: टाकीची कुंडली

आत काय होतं, हे लेबलवरून ठरवू नका. शेवटच्या तीन-चार बॅचचं लॉगशीट काढा आणि ऑपरेटरला बाजूला घेऊन विचारा. लॉगशीटमध्ये नसलेलं त्याला माहीत असतं: "मधे एकदा चोक झाला होता तेव्हा सॉल्व्हंट मारलं होतं, साहेब."

तीन गोष्टी मुद्दाम शोधा.

तळाचा गाळ. वरचं द्रव काढलं तरी गाळात वायू अडकून असतो आणि फावडं लागलं की सुटतो. सल्फाइड असलेल्या गाळावर आम्लाचं पाणी पडलं तर हायड्रोजन सल्फाइड तिथल्या तिथे तयार होतो. कोणत्या टाकीच्या धुण्याचं पाणी कुठल्या हौदात जाणार आहे, हे त्यासाठीच आधी ठरवायचं.

नायट्रोजन. सॉल्व्हंटच्या टाकीवर त्याचा दाब दिलेला असतो. त्याला वास नाही, रंग नाही, जीव गुदमरल्यासारखंही वाटत नाही. ऑक्सिजन फारच खाली गेलेला असेल तर एक-दोन श्वासांत माणूस खाली बसतो आणि त्याला कळतही नाही.

गंज. आपल्या खाऱ्या हवेत ही गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. लोखंडी टाकी पावसाळाभर ओली आणि बंद राहिली की गंज धरताना आतला ऑक्सिजन खातो. "साधं पाणीच होतं हो हिच्यात" असं सांगितलेल्या एका फायर वॉटर टाकीत मॅनहोलच्या तोंडाशी मला ऑक्सिजन २०.९ टक्के, म्हणजे साध्या हवेइतकाच, मिळाला होता. नळी तळाला सोडली तेव्हा आकडा हळूहळू उतरत १६.८ वर थांबला. वर उभा असलेला हेल्पर एक पाय शिडीवर टाकून वाट बघत होता.

## पायरी ३: सगळीकडून तोडा

याला सर्वांत जास्त वेळ द्या. सर्वांत जास्त पळवाटाही इथेच काढल्या जातात.

व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाइन तुटली नाही. व्हॉल्व्ह पासिंग असतो, म्हणजे बंद असूनही आतून गळतो, नाहीतर कुणी चुकून उघडतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर तर अजिबात विसंबू नका. लाइनचा एक तुकडा काढून दोन्ही तोंडं वेगळी करा, नाहीतर फ्लँजमध्ये, म्हणजे पाइपांच्या बोल्टवाल्या जोडात, ब्लाइंड ही लाइन बंद करणारी चकती टाका. ब्लाइंड लाइनच्या दाबाला पुरेल अशा जाडीची हवी. पत्र्याचा गोल कापून चालत नाही.

टाकीभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि प्रत्येक नोझलला, म्हणजे लाइन जोडायच्या तोंडाला, खडूने नंबर घाला. ड्रॉइंग बघू नका, टाकी बघा. नेहमी सुटणारी नोझलं ही:

- व्हेंटची लाइन. चार रिॲक्टरांचे व्हेंट एकाच हेडरने स्क्रबरला जातात. शेजारच्या रिॲक्टरमध्ये बॅच चालू असेल तर तिचा वायू हेडरमधून उलटा तुमच्या टाकीत येतो.
- ईटीपीकडे जाणारा ड्रेन. तिथूनही वायू वर चढतो.
- तात्पुरती जोडलेली नायट्रोजनची रबरी नळी. ड्रॉइंगमध्ये ती कधीच नसते. नुसती बंद करू नका, काढून गुंडाळून लांब ठेवा.
- टाकीभोवतीच्या जॅकेटची वाफ आणि गरम तेल.

मग ॲजिटेटर, म्हणजे आतला ढवळणारा पंखा. एमसीसीत, म्हणजे मोटरींच्या वीजपॅनेलच्या खोलीत, जाऊन ब्रेकर ऑफ करायचा, फ्यूज काढायचे, कुलूप लावायचं. किल्ली आत जाणाऱ्या माणसाच्या खिशात, इलेक्ट्रिशियनच्या नव्हे. त्यानंतर टाकीजवळच्या पुश-बटणावर येऊन स्टार्ट दाबून बघायचं. चुकीच्या फीडरला, म्हणजे दुसऱ्याच मोटरीच्या वीजजोडणीला, कुलूप लागलेलं असतं, ते याच बटणावर कळतं. एमसीसीतले फीडरचे नंबर पाच वर्षांपूर्वी बदललेले आणि पाट्या जुन्याच, हे मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलंय.

तपासा: ब्लाइंडची यादी लिहिली का? नंबर, जागा, कुणी टाकली, वेळ. ही यादी शेवटच्या पायरीला पुन्हा लागणार आहे.

कोकणातली वेगळी अडचण: फ्लँजचे बोल्ट गंजून धरलेले असतात, म्हणून फिटर म्हणतो, "व्हॉल्व्ह टाइट केलाय, ब्लाइंड नको." नवे स्टड आणि गास्केट शटडाऊनच्या आधी मागवून ठेवा, म्हणजे हा संवादच होणार नाही.

## पायरी ४: धुणं आणि हवा खेळवणं

रिकामी करा, धुवा, लागेल तिथे वाफ द्या, आणि थंड होऊ द्या. गरम टाकीत मोजलेली हवा फसवते, कारण भिंतीवरचा थर अजून सुटत असतो.

ब्लोअर लावताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, डक्टचं तोंड मॅनहोलच्या काठावर टांगायचं. वरची हवा वरच्या वर फिरते, तळ तसाच राहतो. डक्ट तळापासून हात-दीड हातावर सोडा आणि हवा बाहेर जायला दुसरा मॅनहोल उघडा ठेवा. दुसरी चूक, ब्लोअरचं ओढतं तोंड डीजी सेटच्या (डिझेल जनरेटरच्या) किंवा उभ्या टँकरच्या बाजूला ठेवायचं. मग तुम्ही कार्बन मोनॉक्साइड भरताय.

किती वेळ? साधा हिशेब करा. टाकी २० घनमीटरची आणि ब्लोअर डक्टच्या टोकाशी खरोखर ताशी ४०० घनमीटर देत असेल, तर तासाला वीस वेळा हवा बदलते. डक्टला दोन वळणं पडली आणि एक जागी तो पिचला की ब्लोअरच्या पाटीवरचा आकडा विसरायचा. सॉल्व्हंटची टाकी असेल तर ब्लोअर फ्लेमप्रूफ, म्हणजे त्याच्या ठिणगीने बाहेरची वाफ पेटणार नाही असा, हवा आणि तो नि डक्ट अर्थिंगला जोडलेले हवेत.

सक्त मनाई: हवा "ताजी" करायला ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडू नका. ऑक्सिजन वाढला की कपडे, केस, तेलकट चिंधी भडाभडा पेटतात.

## पायरी ५: हवा मोजणं

मीटर हातात घेतला की आधी साध्या उघड्या हवेत २०.९ दाखवतो का बघा. मग चाचणीच्या वायूवर बंप टेस्ट करा, म्हणजे सेन्सर खरंच जिवंत आहे की नुसता शून्य दाखवतोय ते कळेल. सिलिकॉनच्या स्प्रेने ज्वलनशील वायूचा सेन्सर कायमचा मरतो आणि मेलेला सेन्सर शून्यच दाखवतो.

मोजण्याचा क्रम: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. नेहमीच्या मीटरचा ज्वलनशील सेन्सर वायू जाळून मोजतो. ऑक्सिजन कमी असेल तर तो नीट जळत नाही आणि आकडा खोटा कमी येतो.

- ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या मध्ये. २०.९ पेक्षा थोडा जरी कमी आला तरी कारण सापडेपर्यंत थांबा. त्याची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे, नाहीतर तो गंजाने खाल्ला आहे.
- ज्वलनशील वायू एलईएलच्या १० टक्क्यांखाली. एलईएल म्हणजे हवेत वायू पेट घेऊ शकतो ते कमीत कमी प्रमाण. वेल्डिंग-कटिंग असेल तर शून्यच.
- हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग). १०० पीपीएमच्या आसपास नाक काही मिनिटांत बधिर होतं. "वास येत होता, आता गेला" असं कुणी म्हणालं तर त्याला आधी बाहेर काढा.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ३५ पीपीएमवर ठेवा.

तिन्ही पातळ्यांवर मोजा: वर, मध्ये, तळाशी. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, टोल्युइनची वाफ तिप्पट जड, मिथेन हलका. नळी लांब असेल तर हवा मीटरपर्यंत पोचायला वेळ लागतो. दर मीटरला किती सेकंद ते मीटरच्या पुस्तिकेत असतं. तेवढं थांबून वर आणखी एक-दोन मिनिटं द्या. नळी सोडली, आकडा पाहिला, ओढली, असं केलंत तर तुम्ही मॅनहोलबाहेरची हवा मोजलीत.

सॉल्व्हंटच्या टाक्यांत चार वायूंचा मीटर पुरत नाही. टोल्युइनचा एलईएल हवेत साधारण १.१ टक्के, म्हणजे ११,००० पीपीएम. त्याचा एक टक्का म्हणजेच ११० पीपीएम झाले. माणसासाठी आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम धरली तर मीटर "एलईएल १" दाखवतोय तोवरच ती ओलांडलेली असते. शिवाय मीटरचं माप बहुधा मिथेनवर लावलेलं असतं, त्यामुळे टोल्युइन तो आणखी कमी दाखवतो. तिथे सॉल्व्हंटची वाफ पीपीएममध्ये मोजणारा पीआयडी मीटर आणा, किंवा बाहेरून नळीने हवा देणारा एअरलाइन मास्क लावूनच माणूस आत सोडा.

## पायरी ६: बचावाची तयारी, परमिटच्या आधी

अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेने १९८६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यात म्हटलं होतं की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला आत गेलेले असतात. आपल्याकडे तर आत पडलेला बहुतेकदा वर उभ्या माणसाच्या वाडीतलाच असतो, भाऊ नाहीतर मेव्हणा. "आत जाऊ नको" एवढं सांगून तो थांबणार नाही. त्याच्या हातात आत न जाता करण्यासारखं काहीतरी हवं. म्हणून ट्रायपॉड, विंच, छातीचा हार्नेस आणि त्याला बांधलेली लाइफलाइन, हे सगळं आधीपासून मॅनहोलवर लागलेलं हवं.

लावल्यावर चाचणी घ्या. सत्तर किलोची वाळूची गोणी हार्नेसला बांधा, तळाला सोडा, घड्याळ लावून वर ओढा. श्वास बंद पडल्यावर मेंदूकडे चार-सहा मिनिटं असतात. गोणी तीन मिनिटांत वर आली नाही तर उतरणं रद्द. ही चाचणी पहिल्यांदा घेतली तेव्हा आमची विंच मध्येच अडकली. खाऱ्या हवेत वायररोपला गंजाचे काटे आले होते आणि ग्रीस कुणी लावलंच नव्हतं.

आणखी दोन गोष्टी बघा. मॅनहोल बाजूला असेल तर ट्रायपॉडचा उपयोग नाही. माणूस आडवा कसा ओढणार, ते आधी ठरवा. आणि एससीबीए, म्हणजे हवेच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र, पाठीवर घेऊन त्या मॅनहोलमधून शिरता येतं का, ते प्रत्यक्ष शिरून पाहा. साडेचारशे मिलिमीटरच्या तोंडातून सिलिंडरसकट माणूस जात नाही. अर्ध्या तासाचा म्हणून घेतलेला सिलिंडर धावपळीत वीस मिनिटांवर येतो, हेही धरा.

चेतावणी: कॅनिस्टर मास्क, म्हणजे गाळणीचा डबा लावलेला मास्क, ऑक्सिजन देत नाही. तो फक्त गाळतो. कमी ऑक्सिजनच्या टाकीत त्याचा उपयोग शून्य.

१०८ ला फोन करायचाच. पण पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की गाडी कुठून येणार, हा प्रश्न त्या दिवशी सकाळीच सोडवायचा. शेजारच्या कारखान्याकडे रुग्णवाहिका आणि एससीबीएचे जादा संच आहेत का, फोन कुणाला लावायचा, हे मॅनहोलजवळच्या फलकावर लिहून ठेवा.

## पायरी ७: परमिट

आता परमिट. सही टेबलावर होत नाही, मॅनहोलपाशी होते. आत जाणारा, वर थांबणारा आणि सही करणारा, तिघेही समोर हवेत, आणि मोजलेले आकडे वेळेसकट परमिटवर हवेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने सक्षम व्यक्तीचा लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेरच्याच्या हातात दोराचं टोक, हे सांगितलंच होतं. पुढे २०२० ची कामगार सुरक्षा-आरोग्याची संहिता आली. कलमांचे नंबर बदलतात, टाकीतली हवा बदलत नाही.

परमिट एका शिफ्टपुरतं. पाळी बदलली की काम थांबवा, माणसं बाहेर काढा, हवा पुन्हा मोजा, नवं परमिट. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलफलाटावर ६ जुलै १९८८ ला १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी तात्पुरती झाकणी होती. हे रात्रपाळीला कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच सुरू केला. आपल्याकडे हा घोळ गणपतीत होतो. चतुर्थीच्या आधी अर्धा स्टाफ गावी, परमिट ज्याने काढलं तो चिपळूणला घरी मूर्ती आणायला गेलेला, आणि मागे राहिलेल्या बदली सुपरवायझरला ब्लाइंडची यादी कुठे आहे तेच माहीत नसतं. शक्य असेल तर त्या आठवड्यात टाकी उघडूच नका.

## पायरी ८: माणूस आत असताना

वर थांबणाऱ्या माणसाला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. स्पॅनर आणून दे नाही, चहा आण नाही, मोबाईल नाही. त्याच्याकडे शिट्टी, वॉकीटॉकी आणि आत कोण कधी गेलं याची वही.

मीटर आतल्या माणसाच्या छातीवर, सतत चालू. दिवा २४ व्होल्टचा, ट्रान्सफॉर्मर बाहेर. ओल्या लोखंडी टाकीत २३० व्होल्टचा हँडलॅम्प नेलात तर वायू मोजून काही उपयोग झाला नाही. जेवणाच्या सुट्टीत गॅस कटिंगचा टॉर्च नळ्यांसकट वर काढा. नुसती किल्ली फिरवून आत ठेवलात तर तासाभरात गळका ॲसिटिलीन टाकीभर होतो. सुट्टीनंतर हवा पुन्हा मोजा.

मेच्या उकाड्यात वीस-पंचवीस मिनिटांची पाळी लावा, आणि वर पाणी, कोकम सरबत ठेवा. घामाने गळलेला माणूस शिडी चढताना पडतो.

वीज गेली की ब्लोअर थांबतो. वळवाच्या पावसात हे रोजचंच आहे. नियम एकच: ब्लोअरचा आवाज बंद, तर सगळे वर. कारण विचारायला थांबायचं नाही. एकदा संध्याकाळी असाच ब्लोअर थांबला आणि आतून आवाज आला, "दोन मिन्टाचा काम हाय ओ, संपवून येतो." वरच्या पोराने उत्तर दिलं नाही, विंच फिरवायला घेतली. तो माणूस शिव्या देत वर आला. पाच मिनिटांनी तळाला नळी सोडली तेव्हा हायड्रोजन सल्फाइड ४० दाखवत होता. फावड्याने गाळ फुटलेला होता.

## पायरी ९: बंद करताना

वहीतली नावं आणि बाहेर उभी असलेली माणसं मोजा, हाक मारून, प्रत्येकाचं ओ घेऊन. हत्यारं मोजा. विसरलेली चिंधी पुढच्या बॅचमध्ये बॉटम व्हॉल्व्हला अडकते. बॅटरीच्या उजेडात आत एकदा बघा, मग मॅनहोलचं झाकण लावा.

पायरी ३ ची यादी काढा आणि ब्लाइंड एकेक करून उतरवा, प्रत्येकीपुढे वेळ आणि सही. आधी व्हेंट मोकळा करा, नाहीतर भरताना टाकी फुगते. नायट्रोजन सर्वांत शेवटी. ॲजिटेटरचं कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. तो घरी गेला असेल तर त्याला फोन करा आणि येईपर्यंत थांबा, कटरने कुलूप तोडू नका. यादीत सात ब्लाइंड असतील तर जमिनीवर सात मांडलेल्या दिसल्या पाहिजेत. सहाच दिसल्या तर परमिट उघडं ठेवा आणि सातवी शोधा.